चुन्यात शिजवलेला मका

माझ्या यजमानांनी पहिल्यांदा ताट बाजूला सारलं ते शेंगाच्या चटणीवरून. सोलापुरात शेंगाच्या चटणीवरून कुणी ताट सारत नाही. त्यांचं तर निम्मं जेवण तेच असायचं. ज्वारीची भाकरी, चटणी, वर तेलाची धार. त्या दिवशी त्यांनी एक घास घेतला, तोंडात घोळवला आणि ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"यात काय घातलंयस?"

"काय घालणार? शेंगा, तिखट, लसूण, मीठ."

"न्हाय. दुसरं कायतरी हाय."

मी चाखून बघितली. रोजच्यासारखीच होती. तरी म्हटलं, एखादा दाणा खवट गेला असेल. परत दाणे भाजले, परत कुटली. तिलाही त्यांनी हात लावला नाही. पुढच्या आठवड्यात आमटी नको झाली, मग पिठलं.

ते जन्मभर चादरींच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो लावून देणारा माणूस. शेडच्या बाहेर उभं राहून, नुसत्या आवाजावरून कुठला माग नीट चालत नाही ते त्यांना कळायचं. घरातही तसंच. फोडणीत हिंग कमी पडला तर ते बाहेरच्या खोलीतून सांगायचे. त्यामुळं सुरुवातीला मला वाटलं, चूक माझ्याच हाताची आहे. मी तेल बदललं, पिठाची गिरणी बदलली, मिठाचा पुडा नवीन फोडला. ते मात्र घास तोंडात घोळवायचे आणि बाहेर काढून ठेवायचे.

मग एके दिवशी दुपारी ते ताट हातात घेऊन सरळ गल्लीत गेले. भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत त्या वेळी माणसांची वर्दळ असते. दुकानापुढं चारजण उभे होते. त्यांच्यापुढं ताट धरून हे म्हणाले, "बघा, वास घ्या. ही मला औषध घालतीया."

मी दारात उभी होते. हाताला पीठ लागलेलं होतं, ते मी पदराला पुसत राहिले.  शेजारची अक्का धावत आली. ती विणकर घरातली, तेलुगू बोलणारी. चाळीस वर्षं आमची भिंत एक आहे. तिनं त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही आत जावा. अण्णाला मी बसवते."

तिच्या ओट्यावर बसून त्यांनी तिच्या घरचा भात खाल्ला. मी आतून त्यांच्या भुरक्यांचा आवाज ऐकत होते. पातळ सांबार ओरपत होते ते.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की हा विसरण्याचा आजार आहे. माणूस सगळं एकदम विसरत नाही. आधी चव जाते, वास जातो, मग संशय येतो. "वाद घालू नका," म्हणाले. "त्यांना खरंच कडू लागतंय." हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण गल्लीत मी उभी राहिले होते, डॉक्टर नव्हते.

अक्काचा भातही त्यांना फार दिवस चालला नाही. पुढं ते स्वतः सोललेलं केळ खायचे, स्वतः फोडलेल्या पुड्यातली बिस्किटं खायचे. बाकी काही नाही. गालफडं बसली. लेंग्याची नाडी आवळून आवळून पुढं लोंबायला लागली.

आमची एकुलती एक लेक अमेरिकेत होती, टेक्सासमध्ये. तिचं लग्न झालेलं नाही. तिनं व्हिडिओवर वडलांचा चेहरा बघितला आणि फोन आडवा ठेवून दिला. मला नुसतं तिकडचं छत दिसत राहिलं. महिन्याभरात ती आली. कंपनीनं तिला काही महिने घरून काम करायला परवानगी दिली होती.

आल्यावर पहिल्यांदा तिनं माझाच स्वयंपाक स्वतःच्या हातानं केला. तिला वाटलं, हात बदलला की ते खातील. तिनं वरण केलं, वांग्याची भाजी केली, भाकरी थापली. त्यांनी लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे तुझ्या आईनंच केलंय."

"नाही अण्णा, मी केलंय."

"तिनं शिकवलंय न्हवं? मग तेच की."

लेक उठून मोरीत गेली आणि बराच वेळ तोंड धुत राहिली.

पुढचं जे झालं ते काही ठरवून झालेलं नाही. तिला स्वतःलाच तिकडच्या जेवणाची आठवण आली. टेक्सासमध्ये ती ज्या घरात भाड्यानं राहायची, त्या घराची मालकीण मेक्सिकोची होती. लेक शाकाहारी म्हटल्यावर त्या बाईला पहिल्यांदा काळजी पडली. मग तिनं सांगितलं, की ईस्टरच्या आधी त्यांचाही उपास असतो, तेव्हा मांस वर्ज्य असतं, आणि तेव्हाचं जेवण मी तुला वर्षभर घालीन. तिच्या स्वयंपाकघरात आमची लेक हे सगळं शिकली होती.

त्या दिवशी सकाळी तिनं राजमा भिजत घातला होता. दुपारी तो कुकरला न लावता पातेल्यात मंद आचेवर ठेवला, नुसता कांदा आणि लसणाच्या पाकळ्या घालून. हळद नाही, फोडणी नाही. मी म्हटलं, असलं पांचट कोण खाणार. मग तिनं तव्यावर अख्खे टोमॅटो, कांद्याच्या फोडी, लसूण आणि हिरव्या मिरच्या ठेवल्या आणि पार काळ्या होईपर्यंत भाजल्या. मी दोनदा गॅस बारीक करायला गेले, दोनदा तिनं माझा हात धरला. ते सगळं तिनं खलबत्त्यात कुटलं, वर मीठ, कोथिंबीर आणि लिंबू. राजमा डावानं ठेचून तेलावर परतला. भाकरी करायला वेळ नव्हता, म्हणून डब्यातली कडक भाकरी घेतली, तिच्यावर राजमा पसरला, वर ती काळपट लाल चटणी, कच्चा कांदा आणि पनीरचा चुरा. पिझ्झाबरोबर मिळणारी ओरेगॅनोची पुडी फोडून वर भुरभुरली.

मिरच्यांच्या ठसक्यानं आम्ही दोघी खोकत होतो. तेवढ्यात ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. किती दिवसांनी ते त्या दारात आले होते.

"काय जळतंय?"

"जळत नाही अण्णा, भाजलंय. खाता का?"

"काय हाय ते?"

"मेक्सिकोचं आहे."

"ते कुटं आलं?"

"अमेरिकेच्या खाली."

त्यांनी ती कडक भाकरी हातात घेतली, कडेनं मोडली आणि खाल्ली.  त्यांनी घास घोळवला. गिळला. परत मोडली. बोटांना लागलेली चटणी चाटली आणि म्हणाले, "तिखट हाय. अजून हाय का?"

लेक माझ्याकडं बघून हसली आणि रडली. मीही हसले. पण जन्मभर रांधून घातलेलं माझं अन्न विष झालं होतं, आणि कुणा परक्या बाईच्या घरचा राजमा त्यांनी मागून घेतला होता.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होऊ शकतं. माझ्या पिठल्याची त्यांना एक चव ठाऊक होती. आता जिभेला ती चव येत नव्हती, म्हणून ते म्हणत होते की यात काहीतरी घातलंय. या राजम्याची त्यांना आधीची चवच ठाऊक नव्हती. तुलना कशाशी करणार? मला हे पटलं. पटलं म्हणून दुखायचं थांबलं नाही.

मग आमच्या घरात रोज तेच सुरू झालं. लेक संध्याकाळी कामाला बसायची, त्याआधी रांधून ठेवायची. लाल भोपळ्याच्या फोडी तीळ, शेंगदाणे आणि सुक्या मिरच्यांच्या दाट रश्शात, त्यात चिमूटभर कोकोची पूड. कणसाचे दाणे आणि बटाटे घातलेलं घट्ट सार. रताळी निखाऱ्यावर भाजल्यासारखी, वर लिंबू आणि तिखट. एकदा तिनं सुक्या लाल मिरच्या, लसूण, तीळ आणि शेंगदाणे तेलात तळून जाडसर वाटले. मी वाटीत बोट बुडवून चाखलं आणि थबकले. आमच्या शेंगाच्या चटणीची ती सख्खी बहीणच होती, फक्त तेलात बुडवलेली. यजमानांनी ती भातावर घेऊन खाल्ली. त्यांच्या अंगावर हळूहळू मांस धरायला लागलं.

पण लेकीला तिकडची खरी मक्याची रोटी करायची होती. मका म्हणजे आमच्याकडं जनावराची वैरण, नाहीतर फार तर भाजलेलं कणीस. वळसंगहून दिरांनी वाळका मका पाठवला. लेकीनं पानपट्टीवरून चुना आणला आणि मका चुन्याच्या पाण्यात शिजवत ठेवला.

मी म्हटलं, "अगं, चुना? पोटात?"

"आई, पानात नाही का खात? तिकडं हजारो वर्षं असाच शिजवतात. सालं निघतात, पीठ चिकट होतं. नंतर धुवून टाकायचा असतो."

"ज्या माणसाला विषाचा संशय येतोय, त्याच्या घरात तू चुना उकळतीयस."

"त्यांना कोण सांगतंय?"

रात्रभर तो मका भिजला. तिची रात्रीची ऑफिसची मीटिंग सकाळपर्यंत लांबली. अक्काच्या घरी इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर होता, तो तिनं आमच्यासाठी मोकळा ठेवला होता. तिचा खोळंबा नको म्हणून मीच मका धुवायला घेतला. मोरीत बसून दोन्ही हातांनी चोळत होते. पिवळी सालं वर येत होती आणि पाणी दुधासारखं पांढरं वाहत होतं. मान वर केली तर ते समोर उभे होते. त्यांनी पाण्याकडं बघितलं, कट्ट्यावरच्या चुन्याच्या पुडीकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं.

"आता कळलं," ते म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढं कितीतरी दिवस त्यांनी लेकीच्या हातचंही खाल्लं नाही. परत केळी, परत बिस्किटं. लेक जेवण पुढं घेऊन बसायची, विनवायची. ते म्हणायचे, "तू भोळी हाईस. ती तुला फशिवतीया." एकदा असंच भरलेलं ताट परत आणताना ती माझ्यावर ओरडली.

"तू कशाला हात लावलास त्या मक्याला? मी येत होते ना!"

"अक्का खोळंबली होती गं."

"खोळंबू दे! आई, थोडे दिवस तू स्वयंपाकघरात येऊच नको. त्यांना तू तिथं दिसताच कामा नये. प्लीज."

ती म्हणत होती ते बरोबर होतं. म्हणून मी गेले नाही. सकाळी चहासुद्धा तीच करायची आणि मला बाहेर ओट्यावर आणून द्यायची. मी पाहुणीसारखी तो प्यायची. आतून डब्यांची झाकणं वाजायची, तर कुठला डबा ते मला आवाजावरून कळायचं. ती मोहरीच्या डब्यात जिरे ठेवत होती. एके दुपारी मी उठून सरळ अक्काच्या घरी गेले आणि तिच्या स्वयंपाकघरात बसून तिची भाजी निवडून दिली. तिनं मेथीची दुसरी जुडी पुढं ठेवली.

ते परत खायला लागले ते लेकीनं चिकाटी सोडली नाही म्हणून. ती त्यांना स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसवायची, टोमॅटो त्यांच्या समोर भाजायची, खलबत्ता त्यांच्या हातात द्यायची. जे त्यांनी स्वतः कुटलं, ते त्यांनी खाल्लं. चुन्याच्या मक्याची रोटीही एकदा झालीच. पीठ प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून पोळपाटानं दाबायचं काम त्यांना दिलं होतं. यंत्रावर दाब द्यावा तसा ते अंगाचा भार टाकत होते. मी दाराआडून बघत होते. तव्यावर रोटी फुगली तेव्हा आलेला वास मला आजपर्यंत कशाचा म्हणून सांगता येत नाही. पहिल्या पावसाचा म्हणतात तसाही तो नव्हता. भिजवलेल्या दगडाचा आणि दुधाळ कणसाचा, दोन्ही मिळून काहीतरी.

मग तिला परत जायची वेळ आली. तिकडं हजर झाली नसती तर नोकरी गेली असती. जायच्या आधी काही दिवस, वडील दुपारी झोपले की ती मला शिकवायची. साठी ओलांडल्यावर मला राजमा शिजवायला शिकावं लागत होतं. "हळद नको, आई." "फोडणी नको." "अजून काळा होऊ दे, भिऊ नको." माझा हात सवयीनं हिंगाकडं जायचा आणि ती डबी मागं सरकवायची. तिला एकच काळजी होती, आणि ती आम्ही दोघींनीही बोलून दाखवली नाही. माझ्या हातचं ते खाणार का?

ती गेली त्या दिवशी मी राजमा केला. खुर्ची टाकली, खलबत्ता त्यांच्या हातात दिला. ते कुटत होते आणि माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी विचारलं,

"तुमी कंच्या गावच्या, बाई?"

मला आधी कळलंच नाही. लग्न झाल्यापासून मी त्यांची 'अगं' होते, फार तर 'ऐकलंस का' होते. 'तुमी' त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं.

"हितलीच," मी म्हटलं.

"पोरीनं ठिवलं व्हय तुमाला? सैपाकाला?"

मी काय सांगायला पाहिजे होतं? मी तुमची बायको आहे म्हटलं असतं तर समोरचं ताट तसंच राहिलं असतं. मी म्हटलं, "व्हय."

"बेस झालं," ते म्हणाले आणि जेवले.

त्यानंतर मी त्यांची सैपाकीण झाले. दिवसभरात इतर वेळी कधी मी त्यांना ओळखू यायची, कधी नाही. ओळख पटली की चेहरा आक्रसायचा. पण स्वयंपाकघरात, त्या भाजक्या मिरच्यांच्या धुरात, मी 'बाई' होते. दुसऱ्या बाईसारखं दिसावं म्हणून मी काही केलं नाही, फक्त त्यांना 'अहो' म्हणायचं सोडलं. सैपाकीण 'दादा' म्हणाली असती. ते माझ्या तोंडून निघेना. म्हणून मी त्यांना काहीच हाक न मारता बोलायला लागले.

एकदा भोपळ्याच्या रश्शात रोटी बुडवत ते आपणहून म्हणाले, "आमची बायको बी चांगली होती बरं का."

मी तव्याकडं तोंड करून उभी होते. "मग?"

"काय की. काय बिनसलं. औषध घालाया लागली."

"आता कुटं हाय?"

"गेली की म्हायेराला."

रोटी करपत होती. मी ती उलटवली आणि विचारलं, "आणावं का परत?"

त्यांनी ताटातला उरलेला रस्सा रोटीनं पुसून घेतला. मग म्हणाले, "नगं. येईल तिची ती." आणि जरा थांबून, "तिला सांगू नका, मी इचारलं म्हणून."

त्यांनी विचारलंच नव्हतं, मी विचारलं होतं. पण मी "न्हाय सांगत" म्हटलं.

त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला. आजाऱ्याचा राग धरू नये हे मला कळतं. तरी ताट घासताना मी ते इतकं जोरात आपटलं, की अक्कानं भिंतीपलीकडून हाक मारली, "वहिनी, काय पडलं?" मी म्हटलं, "काय नाही." माझ्याच संसारातून मी माहेरी गेले होते, आणि माझ्या जागी मीच कामाला राहिले होते.

लेक तिकडून रोज विचारायची, "आज काय खाल्लं?" मी सांगायची. राजमा, कणसाचं सार, रताळं. ती वजन विचारायची, तेही सांगायची. 'बाई'चं मी तिला कितीतरी दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तिनं फोन परत आडवा ठेवून दिला. मग म्हणाली, "आई, तू दुसरी खरीच बाई ठेव ना कामाला." मी म्हटलं, "तिच्या हातचं नाही खाल्लं तर?" हे कारण खरं होतं. पण त्याहून खरं कारण असं, की दिवसातला तेवढाच वेळ ते माझ्याशी चांगलं बोलायचे.

उन्हाळा तापायला लागला तेव्हाची गोष्ट. मी त्यांना वाढलं आणि नेहमीप्रमाणे कट्ट्याला टेकून उभी राहिले. त्यांनी एक घास खाल्ला आणि हात थांबवला. मी मनात म्हटलं, झालं, आता हेही गेलं.

"तुमी जेवला का?"

"नंतर जेवीन."

"नंतर कशाला? गार हुतंय. बसा की. तुमी बी खावा."

आमच्यात बायका नंतर जेवतात. सासू होती तेव्हाही आणि ती गेल्यावर आम्ही दोघंच उरलो तेव्हाही, मी त्यांना वाढून, त्यांचं आटोपल्यावर मग बसायची. त्यांनी कधी बस म्हटलं नाही आणि मलाही ते कधी खटकलं नव्हतं. त्या दिवशी मी दुसरं ताट घेतलं आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी चटणीची वाटी माझ्याकडं सरकवली. कांद्याची मोठी फोड माझ्या ताटात ठेवली. आम्ही जेवलो.  मला ते जेवण गोड लागलं असं मी म्हणणार नाही.  हा मान ते मला देत नव्हते, कुणा कामाला आलेल्या बाईला देत होते. तरी मी शेवटपर्यंत बसून राहिले.

पुढं रोज तसंच जेवलो. पावसाळा सरत आला तेव्हा त्यांना गिळता येईना. मग मी राजमा पातळ वाटून चमच्यानं भरवायची. शेवटी शेवटी तेही नको झालं. दिवाळीच्या आधी ते गेले, घरातच, सकाळी. शेवटी त्यांनी मला ओळखलं का, असं सगळे विचारतात. नाही. त्यांनी माझा हात धरला होता, पण कुणाचा म्हणून धरला होता ते मला माहीत नाही, आणि मी ते आता शोधत बसत नाही.

लेक आली, दिवस झाले, ती परत गेली. ती मला तिकडं ये म्हणते. तिची ती मेक्सिकोची घरमालकीण एकदा व्हिडिओवर आली होती. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही. ती बराच वेळ काहीतरी बोलली. लेकीनं मधे सांगितलं, "ती विचारते, चुना किती घालता?" मी हाताचा अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. तिनं मान हलवली आणि जरा कमी करा अशी खूण केली.